दौलतरावाची सव्वा मूठ

आमच्या मासिकाच्या संपादकांना स्वतः प्रवास करायचा भारी कंटाळा आणि दुसऱ्याला पाठवायची भारी हौस. "मास्तर, तुमचा तो खानदेशी दोस्त पक्षाला रामराम ठोकून बसलाय म्हणे. त्याच्याच मुलखात जा, लोक काय बोलतात ते ऐका आणि मला लिहून द्या," असं त्यांनी फर्मान काढलं. मी पुण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. लोकमत हा काही माझा विषय नव्हे. पण श्रावणातल्या सुट्ट्या जोडून आल्या होत्या आणि दौलतला भेटून सहा वर्षं झाली होती, म्हणून वळकटी बांधली.

दौलत म्हणजे दौलतराव पाटील, रनाळ्याचा. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी कोकणातला भातखाऊ, तो खानदेशातला भाकरखाऊ. खानावळीची आमटी त्याला इतकी मिळमिळीत लागायची, की गावाहून आणलेलं तिखट तो आमटीत कालवत नसे, आमटीच तिखटात कालवत असे. पुढे तो चळवळीत पडला, तुरुंगात जाऊन आला, आणि पक्षाच्या तिकिटावर कायदेमंडळात निवडून गेला. निवडणुकीच्या वेळी त्याने नवापुराकडच्या डोंगरातल्या लोकांना शब्द दिला होता, की जंगलातली चराई आणि सरपण तुम्हाला मोकळं करून देऊ. पक्ष सत्तेवर आला, आणि तो ठराव 'पुढच्या बैठकीत पाहू, पुढच्या बैठकीत पाहू' करत मागे पडला. शेवटी तो गुंडाळून ठेवायचा की नाही यावर मतं घेतली, तेव्हा दौलतने आपल्याच पक्षाच्या विरुद्ध हात वर केला. एवढ्यावर थांबला असता तर एक वेळ निभावलं असतं. पण "तुमच्या तिकिटावर मिळालेली जागा तुमची तुम्हाला परत," म्हणून गड्याने राजीनामाही देऊन टाकला. आता दिवाळीनंतर त्याच जागेसाठी पुन्हा निवडणूक होती, आणि हा बहाद्दर एकटाच उभा राहणार होता.

नंदुरबार, गुरुवार

दौलतचं पत्र होतं, की नंदुरबारला उतरून बाजारातल्या अमुक शेठच्या दुकानी बस, माझी दमणी तिथे येईल. दमणी म्हणजे इकडची हलकी बैलगाडी. शेठजी मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या इथे मिरचीचा व्यापार. त्यांनी चहा पाजला आणि "प्रवासाने शिणलात, मागे जरा आडवे व्हा," म्हणून वखारीत नेलं. कोपऱ्यात पोती रचलेली होती. मिरचीचा हंगाम थंडीतला, आता श्रावणात पोती रिकामीच असणार, असा शहाणा विचार करून मी त्यांवर ऐसपैस पसरलो.

ती रिकामी नव्हती. गेल्या सालची उरलेली मिरची होती, आणि पोत्याला एक भोकही होतं. अर्ध्या तासाने मी जो शिंकत उठलो तो थांबेचना. त्यात डोळे चोळले! आई गं! मी आंधळ्यासारखा चाचपडत दुकानात आलो, आणि निम्मा बाजार माझी अवस्था बघायला जमला. शेठजींनी गार ताकाचे हबके मारले, वर तूप लावलं आणि म्हणाले, "मास्तरसाब, बाहेरचा माणूस इथे पहिल्या दिवशी रडतोच. आता तुम्ही आमचे झाले."

डोळे नीट उघडेनात, पण कान शाबूत होते, तेव्हा मी कामाला लागलो. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आले आणि बसण्याआधीच म्हणाले, "शेठ, दौलतनी पार्टीनं नाक कापं!"

"बराबर शे," शेठजी म्हणाले. "नाक कापं."

ते गेले. मग दुसरे एक मुंडासेवाले आले. "शेठ, आख्खा मुलुखमा एकच मरद निंघना, दौलतभाऊ!"

"बराबर शे," शेठजी त्याच सुरात म्हणाले. "एकच मरद."

मी म्हटलं, "शेठजी, आणि तुमचं स्वतःचं मत?" ते हसले. "मास्तरसाब, आमच्या तराजूला दोन पारडी. एकच पारडं ठेवलं तर दुकान कसं चालेल?" मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "पण मिळालेली जागा परत केली ना, ते खोट्या माणसाचं काम नाही. हे मात्र लिहू नका." मी लिहिलं आहे. शेठजींचं नाव तेवढं लिहिलेलं नाही.

दमणी आली. गाडीवान काळू म्हणून होता, सुपारीसारखा टणक माणूस. वाटभर काळी जमीन, त्यात गुडघाभर ज्वारी आणि कपाशी, आणि मधूनच ऊन पडलं की सगळं धुऊन काढल्यासारखं लखलखायचं. आमच्या कोकणात दोन घरांत टेकडी आडवी येते. इथे नजर टाकावी तिथवर सपाट, मला तर जरा चुकल्याचुकल्यासारखंच होत होतं. मी काळूला विचारलं, तू मत कोणाला देणार?

"माले मत नई शे, साहेब. मत शेतसारा भरनारले," काळू म्हणाला. "पन तोंड शे ना!" आणि त्या तोंडाने त्याने रनाळ्यापर्यंत मला ऐकवलं, की भाऊ चांगला शे, पन येडा शे. "भेटेल खुर्ची कोनी परत देस का? मन्ही बायको म्हनस, असा येडा आखो दोन-चार पाहिजेत. मी म्हनस, एक शे तोच बस व्हई गया."

रनाळे, त्याच दिवशी संध्याकाळी

दौलतने मला ओट्यावरच मिठी मारली. तोच तो दणकट आवाज, तेच गडगडाटी हसणं. केस मात्र पिकले होते. सोनावहिनी पाणी घेऊन आल्या, दोन्ही मुलं पाया पडली, आणि गप्पांना असा काही रंग चढला म्हणता! गप्पा मारताना माझा हात स्वस्थ बसत नाही. बाजूला एका पितळी डब्यात निवडलेला, टपोरा, सोन्यासारखा गहू होता. बोलता बोलता मी त्यातली एक चिमूट तोंडात टाकली. मग दुसरी. तिसरीला सोनावहिनी दारात दिसल्या आणि त्यांच्या हातातलं तबक तिरकं झालं.

"काय झालं?" मी चावत विचारलं.

दौलत कपाळाला हात लावून हसायला लागला. "अरे गाढवा, तो कानबाईचा गहू आहे!"

मग उलगडा झाला. आपल्याकडच्या वाचकांना हा सण ठाऊक नसेल म्हणून सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घराघरांत कानबाई बसते. एका कुळाची एक कानबाई. त्या कुळातल्या सगळ्या भाऊबंदांनी आपापल्या घरचा गहू आणायचा. कुळात जितके पुरुष, अगदी पाळण्यातल्या पोरापर्यंत, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू एकत्र करायचा. तो एका जात्यावर दळायचा, त्याचे जाड रोट करायचे, आणि ते कुळातल्या माणसांनीच खायचे. पाहुण्याला नाही, जावयाला नाही, लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही नाही. ज्याच्या नावाची मूठ त्या पिठात, तो त्या कुळाचा. आणि असला गहू मी उष्टावून बसलो होतो!

मी शरमेने लाल झालो. माफी मागायला गेलो, तर सोनावहिनी खाली बसल्या आणि डबा पुढे ओढून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. खा पोटभर. आमना गहू यंदा कोन ली ऱ्हायनं?" आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दौलतचं हसणं थांबलं. कुळाची कानबाई बसायची ती त्याच्या थोरल्या चुलतभावाच्या, नानाभाऊंच्या घरी. हे नानाभाऊ तालुक्यातले पक्षाचे पुढारी. दौलतच्या राजीनाम्याची बातमी आली त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलत नव्हते. आणि आठ दिवसांपूर्वी त्यांनी चावडीवर चारचौघांत सांगितलं होतं, की ज्याने पक्षाशी दगा केला त्याची आणि त्याच्या पोरांची मूठ यंदा धरायची नाही.

"निवडणूक हरलो तर हरलो, मास्तर," दौलत म्हणाला. "त्याचं मला काही नाही. पण रविवारी..." आणि तो उठून बैलांना चारा टाकायला गेला.

सोनावहिनी माझ्याकडे न पाहताच बोलत होत्या. "मत यंदा नई भेटनं, ते पुढला खेप भेटी. पन पोरेसले कुळमाईन काढं, ते त्या कोना म्हनवतीन?"

आमच्या कोकणात भाऊबंदकी म्हणजे फणसाच्या झाडावरून तीन पिढ्या कोर्टकचेरी, आणि त्या भांडणात आम्ही सुखाने नांदतो. इथे सव्वा मूठ गव्हापायी घरातली बाई रडत होती. रात्री जेवणात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. तो खाऊन मीही रडलो, पण ते वेगळं.

चिंचपाडा, शुक्रवार

सकाळी दौलत म्हणाला, "माझ्याविषयी गावात काय ऐकतोस? ज्यांच्यासाठी हात वर केला त्यांना जाऊन विचार. मी येत नाही. मी असलो तर ते तोंडावर गोड बोलतील." त्याने एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी दिली, आणि काळूने मला पुन्हा नंदुरबारला नेऊन आगगाडीत बसवलं.

चिंचपाड्याला उतरलो आणि जिवात जीव आला. डोंगर! भाताची खाचरं! सागाला पांढरा तुरा आलेला, ओहोळ खळखळताहेत, बांधावर बगळे. मला वाटलं, चुकून आजोळीच उतरलो की काय. त्या आनंदात मी बांधावरून ऐटीत चालू लागलो आणि तिसऱ्या पावलाला खाचरात सपशेल बसलो. लावणीच्या चिखलाची चव कोकणातल्यासारखीच असते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

चिठ्ठीतला शेतकरी योहान म्हणून. डोंगरउतारावर कुडाचं सारवलेलं घर, दारात शेळ्या, भिंतीवर लहानसा लाकडी क्रूस. पावसाळ्यात शेती करायची, बाकीच्या दिवसांत मजुरीला बाहेर पडायचं, असं त्या नवराबायकोचं चाललेलं. आपसात ती दोघं आपल्या डोंगरी बोलीत बोलत होती, त्यातलं मला ओ की ठो कळेना. काल दिवसभर इकडच्या अहिराणी बोलीने घाम फोडला होता, आज काय होणार या धास्तीत मी होतो. तोच योहान हात जोडून म्हणाला, "आपण चिखलाने माखला आहात. प्रथम स्नान करावे, मग भोजन करावे, त्यानंतर आपण संभाषण करू."

मी चाटच पडलो! दोन दिवसांत इतकं पुस्तकी मराठी मी ऐकलं नव्हतं. योहान मिशनच्या शाळेत शिकलेला, आणि मराठी त्याने ऐकली ती शाळेत आणि प्रार्थनेत, त्यामुळे दुसरी मराठी त्याला ठाऊकच नव्हती. आंघोळ करून, त्याचं धोतर नेसून मी नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी, उडदाची डाळ आणि रानातल्या कर्टुल्यांची भाजी खाल्ली. कर्टुली इतकी चविष्ट होती की मी लाजलज्जा सोडून तीनदा मागितली.

मग विचारलं, "दौलतरावांनी पक्ष सोडला, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

योहानने ओट्यावर हात ठेवला. "ते याच ओट्यावर बसले होते," तो म्हणाला. "त्यांनी वचन दिले. वचन देणारे पुष्कळ येतात. वचनासाठी आसन सोडणारा मनुष्य मी एकच पाहिला."

मी घाईघाईने वहीत लिहायला लागलो, तर त्याने हात वर करून थांबवलं. "हेही लिहावे. आसनावर असताना ते आमच्यासाठी बोलू शकत होते. आता ते आसनावर नाहीत. माझ्या शेळ्या मात्र अजून कोंडवाड्यात जातात. मग ते मोठे झाले, हे खरे, पण माझ्या शेळ्यांचे काय झाले?"

त्याच्या बायकोने आतून काहीतरी ठसक्यात म्हटलं. योहानने मराठीत सांगितलं, "ही मला म्हणते, आपण पुष्कळ बोलता. त्या मनुष्याने आपल्यासाठी स्वतःचे घर दुखावले आहे, असे बाजारात ऐकले. त्यास काही पाठवावे."

"आणि मत? मत कोणाला द्याल?" मी विचारलं. पाड्यावर फारच थोड्यांना मत होतं, शाळा शिकल्यामुळे योहानला ते मिळालं होतं.

"मत गुप्त असते, असे आम्हाला शिकवले आहे," योहान गंभीरपणे म्हणाला. मग त्याने आढ्याला टांगलेलं भलंमोठं डांगर, म्हणजे आपला लाल भोपळा, सोडवून माझ्या मांडीवर ठेवलं. "हे डांगर मात्र गुप्त नाही. हे दौलतरावांस द्यावे, आणि कोणी दिले ते सर्वांसमोर सांगावे."

रात्र तिथेच काढली. परतीच्या गाडीत ते डांगर मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेत ते निसटलं, बाकांखालून गडगडत पार दुसऱ्या टोकाला गेलं, आणि ज्याच्या त्याच्या पायाशी थांबत थांबत, साऱ्या डब्याची ओळख करून घेऊनच माझ्याकडे परत आलं.

रनाळे, शनिवार

गावात शिरताना पारावर नानाभाऊंनी मला हाक मारली. उंच, सरळ, पांढऱ्या मिशांचा माणूस. माझ्याशी ते सभेतलं मराठी बोलले. "पुण्याहून आलात ना? मग माझंही लिहा. एका बाजूचं लिहू नका."

मला वाटलं आता भाषण होणार. पण ते म्हणाले, "मास्तर, आम्ही दोघं भाऊ एकाच दिवशी तुरुंगात गेलो. एका कांबळ्यावर झोपलो. मला ताप आला तर हा आपल्या वाटची भाकर मला द्यायचा. आणि पक्ष सोडताना मला एक कार्ड टाकलं नाही! मला वर्तमानपत्रातून कळलं. चावडीवर दुसऱ्याने वाचून दाखवलं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते." मग माझ्या काखेतल्या डांगराकडे पाहून, "हे काय?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते पाठ फिरवून निघून गेले.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. दौलतला जाऊन मी हे सगळं सांगितलं. "कार्ड लिहिलं होतं रे," तो म्हणाला. "तीनदा लिहिलं. त्याला काय वाटेल म्हणून तीनदा फाडलं." सोनावहिनी मात्र माझा उष्टा गहू बाजूला काढून नवा निवडत होत्या. कोणी घेवो न घेवो, गहू तयार पाहिजे.

रनाळे, रविवार

सकाळी नानाभाऊंचं अंगण भाऊबंदांनी भरून गेलं. दाराला आंब्याचं तोरण, आत चौरंग मांडलेला, त्यावर संध्याकाळी डोळे-नथ लावलेल्या नारळाची कानबाई बसायची. ओसरीवर जात्याशी मोठी माय बसली होती. ही नानाभाऊंची आई, दौलतची चुलती. वय ऐंशीच्या पुढे, दात एक, पण आवाज असा की कोंबडा लाजेल. तिचं काम एकच. कुळातल्या पुरुषांची नावं क्रमाने घ्यायची. नाव घेतलं की त्या घरचा डबा पुढे येई, नानाभाऊ कुळातले वडील म्हणून त्यात हात घालत, एक मूठ आणि वर पाव मूठ मोठ्या परातीत टाकत.

मला परका म्हणून अंगणाच्या कडेला बाज टाकून दिली होती. दौलत दाराच्या बाहेरच उभा होता, डबा हातात घेऊन. मागे सोनावहिनी, दोन मुलं आणि ते डांगर. आत या असं कोणी म्हणत नव्हतं आणि जा असंही कोणी म्हणत नव्हतं.

मोठी माय एकेक नाव घेत होती. मुंबईला गिरणीत असलेला पुतण्या, त्याची मूठ पडली. मागल्या महिन्यात जन्मलेलं, अजून नावही न ठेवलेलं पोर, त्याचीही पडली. मग ती म्हणाली, "दौलत."

दौलतने उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं. नानाभाऊंनी हात मागे घेतला. "त्यानी मूठ नई धरनी, माय."

"काबरं?"

"चावडीवर सांगेल शे मी. नई धरनी म्हंजे नई धरनी."

मोठ्या मायने हातातलं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि "मन्हा दौलत गया वं माय!" असा जो हंबरडा फोडला, की शेजारच्या आळीतली माणसं पळत आली. मीही बाजेवरून उठून उभा राहिलो. एकजण तर "कोन गयं? कोन गयं?" करत लाकडांची चौकशी करायला लागला.

"माय!" नानाभाऊ गडबडून ओरडले. "काय करी ऱ्हायनी? तो तठे उभा शे!"

"कानबाईमा मूठ कोननी नई धरतस?" मोठी माय रडता रडता विचारू लागली. "सांग ना. पोरनी धरतस, येडानी धरतस, चोरनी धरतस. तुम्ही दोन्ही तुरुंगमा व्हतात, तव्हय तुम्हन्या दोन्हीसन्या मुठी मी ह्या हातघाई धऱ्यात. नई धरतस ती फक्त मरेल माणूसनी. आते तू दौलतनी नई धरस, म्हंजे तो मरना." तिने डोळे पुसले आणि एकदम हुकूम सोडला. "बलाव न्हावीले. डोकं भादर, नाना. मिशीबी. दहा दिन सूतक शे. यंदा कानबाई बसाव नई. तोरण काढा रे!"

दोन पोरगे खरोखरच तोरण काढायला धावले. अंगणात एकच गलका झाला. कानबाई बसणार नाही? बायका जात्यापासून उठल्या आणि नानाभाऊंच्या भोवती जमल्या. कोणी म्हणे, चुली पेटल्यात. कोणी म्हणे, पोरं सकाळपासून उपाशी आहेत. नानाभाऊंनी हळूच मिशीवरून हात फिरवला. तालुक्याच्या सभांमध्ये भल्याभल्यांना गप्प करणारा तो माणूस आईपुढे घामाघूम झाला होता.

"माय, तो जित्ता शे," ते शेवटी म्हणाले.

"जित्ता शे?"

"शे."

"मंग मूठ धर," मोठी माय म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

नानाभाऊंनी दौलतकडे पाहिलं नाही. त्याच्या हातातल्या डब्यात त्यांनी हात घातला आणि अशी गच्च मूठ भरली की बोटांमधून गहू ओघळला. परातीत टाकली, वर पुन्हा हात घातला. "सव्वा सांगेल शे, दीड नई," मोठी माय खेकसली. सगळे हसले. नानाभाऊ हसले नाहीत, पण त्यांनी दीडच टाकली. मग दोन्ही मुलांच्या मुठी पडल्या. सोनावहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि कोणाला काही न विचारता जात्याला बसल्या.

तेवढ्यात मला योहानचा निरोप आठवला. मी उभा राहून सांगितलं, की हे डांगर चिंचपाड्याकडच्या योहानने दिलं आहे आणि सर्वांसमोर सांगायला सांगितलं आहे. कानबाईला डांगराची भाजी लागतेच. मोठ्या मायने ते ठोकून पाहिलं, "भलतं गोड निंघी," म्हणाली, आणि विळीवर घेतलं.

दिवेलागणीला कानबाई बसली. मोठे डोळे, नाकात नथ, गळ्यात फुलं. पुढे रोट, खीर आणि ती डांगराची भाजी. आरती झाली, बायकांनी गाणी म्हटली, आणि भाऊबंद जेवायला बसले. मला ओसरीवर वेगळं पान होतं. सोनावहिनींनी माझ्यासाठी मुद्दाम भात केला होता. तुपात भिजलेल्या रोटाचा असा वास सुटला होता की काय सांगू! मी एकदा आशेने तिकडे पाहिलं, तर मोठी माय माझ्यावर डोळा ठेवूनच होती. डांगर रोटांच्या पंक्तीतलं, म्हणून तेही मला मिळालं नाही. दोन गावं मांडीवर वाहून आणलेलं!

पंक्तीत जागा कमी पडली म्हणून, की मोठ्या मायने तशी पाडली म्हणून, दौलत आणि नानाभाऊ एका ताटाशी आले. मग दौलत हलक्या आवाजात म्हणाला, "नाना, तुले पत्र टाकाले पाहिजे व्हतं मी."

"पाहिजे व्हतं," नानाभाऊ म्हणाले.

त्यांनी रोट मोडला. अर्धा दौलतच्या पुढे सारला, त्यावर खीर ओतली. "मन्हं मत तुले भेटाव नई. दिवाळीनंतर गावोगाव फिरीसन तुन्हा विरुद्ध बोलसू. तू पडशी."

"बोल," दौलत म्हणाला.

"बोलसू. आते खाय."

दौलतने घास घेतला. मग मान खाली घातली आणि उपरण्याने डोळे पुसायला लागला. त्याचा धाकटा मुलगा घाबरून म्हणाला, "बाबा, काय झाये?"

"काही नई रे," दौलत म्हणाला. "मिरची लागनी."

नानाभाऊंनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. त्या ताटात रोट होता, खीर होती, योहानच्या डांगराची गोड भाजी होती. मिरची कुठेच नव्हती.